नांगर न लागलेलं रान

पाणवाडी,
२७ मार्च १९७८

दादा,

नीट पोचलास का ते कळव. तुझ्या पत्राची वाट न बघता मीच आधी लिहितेय. दुसऱ्या कुणाकडनं तुला कळण्यापरीस माझ्याकडनं कळल्यालं बरं.

आपल्या गावाच्या तळ्याखालचं पाणकणसाचं रान जळालं. दहा-बारा एकर सगळं. तू गाडीत बसलास त्याच्या तिसऱ्या दिवशी.

यंदा तळ्याचं पाणी लवकर मागं हटलं ते तू बघितलंसच. सगळी कणसं वाळून खडखडीत झाली हुती. जाळ लागला तशी ती फुटाय लागली आन् आतला कापूस पेटत पेटत वाऱ्यावर उडाय लागला. निम्मं गाव घागरी घिऊन आलं, पण जाळाच्या तोंडाजवळ कुणाला जाता येईना. दोन तासांत हिकडनं तिकडं सगळं काळं. त्याच्यापरीस वाईट पुढंच झालं. वरचा जाळ विझला पण भुई खालनं धुमसत ऱ्हायली. तीन दिवस. कुठनंबी धूर निघायचा. ताहेराचाचीच्या अकिलाचा पाय एका जागी घोट्यापतूर आत गेला आन् भाजला.

आपल्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात उसाचं पाचट ऱ्हायलं हुतं ना, ते मी पेटवलं हुतं. तितनंच जाळ गेला.

ताहेराचाची मला काय सुदिक बोलली न्हाई. त्यांच्या घरात आजीपासनं ह्याच पाणकणसाच्या चटया विणत्यात, सांगलीच्या हळदवाल्यांकडं जात्यात. शाळा सुटल्यापासनं मी बी त्यांच्यातच बसून शिकले. चाची गप बसली, पण अकिलाला गप बसवतंय कोण? म्हणली, "आता आमी काय विणायचं? तुझी वेणी?"

आबाचा पाय बरा हाय. आई जप म्हणतेय.

बनु

---

आसाम, ५६ ए.पी.ओ.
१२ एप्रिल १९७८

बने,

पत्र मिळालं. बाकीचे पत्त्यांचा डाव टाकून बसले हुते, मी कोपऱ्यात बसून तुझं वाचलं, दोनदा.

पोरी, पाचट पेटवायचं तर आधी वारं बघत्यात. चारी बाजूनं पट्टा साफ करत्यात. विझल्यावर बी हात लावून बघत्यात. मी सुट्टीत तुझ्यासमोरच की पेटवलं हुतं निम्मं. ते बघून बी तू असं केलंस म्हंजे काय म्हणायचं? हितं असतीस तर साहेबानं तुला पाठीवर बोजा दिऊन मैदानाला दहा चक्कर मारायला लावलं असतं.

पण वाईटातनं बी चांगलं निघतंय. दादासो सरपंचाचं पत्र आलंय. म्हणतो, रान आयतंच साफ झालं, मरून गेलंय, आता ते पडीक ठिवायचं न्हाई. कार्तिकात ग्रामसभेत ठराव करायचा, ट्रॅक्टर घालून फोडायचं आन् ऊस. फौजीच्या घराला दोन एकर आधी. सहा वर्सं झाली मला भरती होऊन, गावानं पयल्यांदा माझं नाव घेतलंय. आबाला सांग, ओढ्याकडची बाजू मागून ठिवा म्हणावं.

चाचीला म्हणावं, सुताच्या चटया विणा. आता पाणकणीस इसरायचं.

दादा

---

पाणवाडी,
२ मे १९७८

दादा,

आबाला तुझा निरोप सांगितला. आबा उठून गोठ्यात गेलं.

मला एक सांगायचं हाय. तोंडानं मला सांगता येत न्हाई ते तुला ठावं हाय. शाळंत गुरुजी नाव पुकारायचे तवा 'हजर' माझ्या तोंडातनं निघायचंच न्हाई, मी बाकावर असून गैरहजर पडायचे. म्हणून लिहूनच सांगते.

रान मेल्यालं न्हाई.

आग लागून पंधरा दिवस झाल्यावर मी, चाची आन् अकिला तिकडं गेलो. चाचीला बघायचं हुतं, चुलीपुरत्या काटक्या तरी निघत्यात का. मी विळ्याच्या टोकानं उकरलं. वर बोटभर राख. तिच्याखाली काळी माती, गार, मुठीत दाबली की मऊ लागणारी. आन् तिच्यात पाणकणसाचा गड्डा, मनगटाएवढा जाड. वरनं करपल्याला. कापला तर आत मुळ्यावाणी पांढरा. चाचीनं तो नाकाला लावला आन् म्हणली, "बेटा, ह्यो तर जित्ता हाय."

आता तितं कोंब आल्यात. पाण्याचा थेंब वरनं पडल्याला न्हाई आन् हिरवं वर आलंय, हातभर. आधीच्यापरीस गडद. राखंचं खत गावलं असंल.

पण सगळीकडं तसं न्हाई, ते बी लिहिते, न्हाईतर म्हणशील बनु खोटं बोलतेय. जिथनं जाळ नुसता पळत गेला तितं सगळं जित्तं हाय. जितं धग खाली बसून तीन दिवस धुमसली तितं भुई लाल झालीया, वीटभट्टीतल्यावाणी. हातात घितली तर हलकी, पिठागत. गड्डं सगळं जळून पोकळ. असं रान चौथा हिस्सा तरी हाय. पाणी वतून बघितलं तर आत शिरत न्हाई. अळवाच्या पानावर फिरावं तसं थेंब गोळा हून पळतंय. त्या मातीचं एक घमेलं भरून मी गोठ्यात ठिवलंय.

म्हणून मला वाटतंय, रान फोडू ने.

बनु

---

आसाम, ५६ ए.पी.ओ.
२३ मे १९७८

बने,

कोंब आलं म्हणून रान जित्तं झालं का? तोडल्याला ऊस बी बांधावर पडल्या पडल्या डोळं फोडतोय.

दादासोचं परत पत्र हाय. लिहितो, "तुमच्या बनुनंच जाळलं, तवा ती रान राखायचं कुठल्या तोंडानं म्हणती?" मला लाज वाटली. रागवू नको, पण खरं तेच बोललाय. ज्यानं जाळलं त्यानं गप बसावं.

दोन एकर रान म्हंजे काय ते तुला कळायचं न्हाई. मी पेन्शन घिऊन यीन तवा आपल्या एवढ्याशा तुकड्यावर भागंना म्हणून दुसऱ्याच्या बांधावर उभं ऱ्हायचं का? तू आपली चटई वीण आन् आईला मदत कर.

तुझ्याकडं राख, माती, गड्डं सोडून दुसरी खबर नसंल तर तीच लिहीत जा. हितं टपाल आलं की बरं वाटतंय.

दादा

---

पाणवाडी,
३० जुलै १९७८

दादा,

तू लिहिलंस राखंचीच खबर लिही, म्हणून लिहिते.

लाल रानात मी एक मूर्खपणा केला. चांगल्या भागातलं गड्डं काढून त्या लाल मातीत लावलं. दोनशे तरी. अकिलानं मोजून दिलं आन् मोजताना म्हणली, "लाव बाई, कवड्या पुरल्यावाणी." तळ्याला पाणी आलं तशी ती पिठागत माती वर तरंगली आन् माझं गड्डं बी तरंगलं. सगळं वाहून ओढ्याला. पोरं हसली. मी चार दिवस घरातनं बाहेर पडले न्हाई.

मग चाचीनंच वाट दावली. दुधाला विरजण लावायचं तर दुधातच हुडकून उपेग न्हाई, दह्याच्या गाडग्यातनं आणावं लागतंय. म्हणून आमी जित्त्या भागातला काळा चिखल पाटीनं आणला आन् लाल रानात जागजागी ढीग घातलं. वर दगड ठिवलं. महिनाभरानं त्या ढिगांत आपसूक लव्हाळं आलं, नागरमोथा आला. त्यांच्या मुळ्यांनी माती धरली. आता हातानं वढली तरी सुटत न्हाई. पाणकणीस त्याच्या मागनं यील, घाई न्हाई.

आन् आता खरी खबर.

जितं जाळ पळत गेला तितं पाणकणीस हाय, पण आधीवाणी दाट न्हाई, मधी मधी उजेड पडतोय. त्या उजेडात एक वायलंच गवत आलंय. भातावाणी, पण कुणी पेरल्यालं न्हाई. मला वळखू येईना. परवा रंगूबाई, म्हंजे सरपंचाची आई, भाजी हुडकत आली. त्या गवताजवळ जी उभी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. मग पातीवरनं हात फिरवत म्हणली, "पोरी, देवभात हाय ह्यो."

तुला ठावं असंल नसंल. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं कायबी खात न्हाईत. नांगरल्यालं न्हाई, पेरल्यालं न्हाई, असंच खात्यात. त्याला देवभात लागतो. रंगूबाई म्हणाली, तिच्या सासूच्या काळात ह्याच पाण्यात सुपानं गावायचा. मग बावन्नच्या दुष्काळात तळं आटलं आन् नंतर पाणकणीस असं माजलं की ह्येला उजेडच गावंना. इतकी वर्सं सांगलीच्या बाजारातनं मूठमूठ इकत आणत्यात.

बी चिखलात पडून ऱ्हायलं असंल दादा. इतकी वर्सं. वरचं जळालं तवा त्याला उजेड दिसला.

बनु

---

आसाम, ५६ ए.पी.ओ.
१९ ऑगस्ट १९७८

बनु,

सिद्धू सुट्टी संपवून परत आला. आपल्या गावच्या पोरापैकी तेवढाच एक हितं माझ्या कंपनीत हाय. काल बोलता बोलता म्हणाला, "आमची आई सांगत हुती, तू निघालास त्या दिवशी तुमच्या कोपऱ्यातनं धूर येत हुता. तुझी बहीण एकटीच घागर घिऊन तळ्यावर पळत हुती. दोन दिवस वतत हुती."

मी निघालो त्या दिवशी.

म्हंजे पाचट तू पेटवल्यालं न्हाई. मी निघायच्या सकाळी पेटवलं, येष्टी चुकंल म्हणून चार घागरी वतल्या आन् विझलं म्हणून सांगून गेलो. विझल्यालं नव्हतं. बांधाखालच्या वाळल्या पाल्यात धुमसत ऱ्हायलं.

खरं काय ते लिही. इकडचं तिकडचं लिहू नको.

दादा

---

पाणवाडी,
१४ सप्टेंबर १९७८

दादा,

व्हय. तूच पेटवलं हुतंस.

तू गेल्यावर दुपारी मी बघितलं तर पाल्याच्या थरातनं धूर. मी पाणी वतत ऱ्हायले, कुणाला बोलवायचं म्हणलं तर हाक मारावी लागती. ती मला मारता आली न्हाई. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं. तवा जाळ तुझा असला तरी हाक न मारल्याची चूक माझीच हाय. म्हणून मी खोटं लिहिलं असं मला वाटत न्हाई.

आबा म्हणलं, लांब हाय पोरगं, हातात बंदूक हाय, त्याच्या डोक्याला घोर नको. मला पटलं. गावाला बी मीच सांगितलं. म्हंजे सांगितलं न्हाई, त्यांनी इचारलं आन् मी मान हलवली.

आता दुसरं. पंचमीला रंगूबाई बाजारचाच देवभात शिजवून बसली, पण सगळ्या बायकांना म्हणली, पुढल्या वर्सी आपल्या तळ्याचा. तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस बायका पाण्यात उतरल्या. देवभाताचा दाणा पिकला की धरून ऱ्हात न्हाई, पाण्यात गळून जातोय. म्हणून दाणा कवळा असतानाच चार-सहा लोंब्या एकीत एक गुंतवून त्याची गाठ मारायची. बायकांना कुणालाच येईना. रंगूबाईला आठवत हुतं पण तिची बोटं वळंनात. मग मी केली. चटईच्या काठाची गाठ मारतो तशीच हाय, जरा सैल. सगळ्या माझ्याकडं बघून बघून शिकल्या. मी कुणाला काय बोलले न्हाई, नुसतं हात दावलं. चाची कंबरंएवढ्या पाण्यात हुती आन् रंगूबाई काठावरनं वरडत हुती, "ताहेरा, माझ्या वाटणीच्या गाठी सोडून बांध गं." चाची म्हणाली, "तुमची वाटणी कंची? सगळा देवाचा हाय म्हणताय न्हवं?" लय हसल्या बायका.

ग्रामसभा बावीस नोव्हेंबरला हाय. दादासोनं ट्रॅक्टर सांगून ठिवलाय.

दोन एकराचं मी इसरले न्हाई. तुझ्या मनात काय हाय ते मला कळतंय. तरीबी रान फोडू ने असंच मला वाटतंय. तू रागावलास तरी.

बनु

---

आसाम, ५६ ए.पी.ओ.
१० ऑक्टोबर १९७८

बने,

दहा-बारा दिवस पत्र लिहाय घेतोय आन् फाडतोय.

सोबत दुसरा कागद हाय. तो कोंडीबा मास्तरांना दे. ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचा म्हणावं. तू आधी वाचू नको असं म्हणणार हुतो, पण तू वाचशीलच.

आबाला सांग, पोराच्या डोक्याला घोर नको म्हणून पोरीच्या डोक्यावर ठिवला, हे काय बरं केलं न्हाई. लहान तोंडी मोठा घास, पण सांग. न्हाईतर ऱ्हाऊ दे, मी आल्यावर सांगीन.

देवभाताच्या गाठीची गोष्ट मी हितं सगळ्यांना वाचून दावली. एक आसामी हवालदार हाय, त्याच्याकडं बी तसला भात हुतोय म्हणं. तो म्हणाला, तुझी बहीण शिकल्याली हाय का? मी म्हणलो, सातवी नापास. तो म्हणाला, मग तुमच्याकडं सातवी लय अवघड असंल.

दादा

(सोबतचा कागद)

ग्रामसभेला मानसिंगचा रामराम. तळ्याखालचं रान माझ्या हातनं जळालं. पाचट मी पेटवलं आन् विझलं का ते न बघता गेलो. बहिणीनं माझा दोष स्वतःवर घितला. तिचं नाव ज्यांनी ज्यांनी घितलं, त्यांनी आता माझं घ्यावं. मला दोन एकर द्यायचं ठरलंय ते मला नको. मी जाळल्यालं रान मलाच बक्षीस मिळावं हे बरं दिसत न्हाई. रानाचं काय करायचं ते गावानं ठरवावं, पण ठरवायच्या आधी एकदा बनुला इचारावं. सहा महिनं ती तितं गेलीया, आपल्यातलं दुसरं कुणी तेवढं गेल्यालं न्हाई.

---

पाणवाडी,
२६ नोव्हेंबर १९७८

दादा,

सगळं सईस्तर लिहिते, मधीच कंटाळू नको.

सभा देवळाम्होरं भरली. मास्तरांनी तुझा कागद वाचला. पयल्या वळीलाच मागची माणसं पुढं सरकली. आबा मान खाली घालून बसलं हुतं. 'मला नको' ह्यापतूर वाचून झालं तवा आबांनी पटका सारखा केला आन् मान वर करून सगळ्यांकडं बघितलं. आई बायकांत बसली हुती, तिनं डोळं पुसलं न्हाईत, वाहू दिलं.

दादासो हुशार हाय. म्हणाला, "पोरगं मोठ्या मनाचं हाय. पण जाळलं कुणी ह्यो सवालच न्हाई. जळालंय ना? राखंनं भुई तयार झालीया. पयल्याच वर्सी एकरी साठ टन ऊस घिऊ." बापय माना हलवाय लागले.

मग मास्तर म्हणाले, "कागदात बनुला इचारा म्हणलंय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले. मला बोलता येणार न्हाई ते मला ठावं हुतं, म्हणून मी सोय करून आणली हुती. अकिलानं आन् मी दोन घमेली उचलून मधी ठिवली. एकात गोठ्यात ठिवल्याली लाल माती, दुसऱ्यात जित्त्या भागातली काळी, आठवडाभर उन्हात वाळवल्याली. मी एक तांब्या लाल मातीवर वतला. पाणी गोळं हून पळालं, घमेल्याच्या काठावरनं दादासोच्या वहाणंवर. दुसरा तांब्या काळ्यावर वतला. पाणी दिसंनासं झालं. तिसरा वतला, तो बी गेला. चौथ्याला माती जरा चमकली.

दोघं-तिघं घमेल्यावर वाकले. मग एक म्हातारा म्हणाला, "खालच्या हिरीला मे महिन्यात पाणी कुठनं ऱ्हातंय, ते आज दिसलं."

दादासो म्हणाला, "अगं पण नांगरल्यावर माती लाल थोडीच हुणार हाय?"

तवा माझ्या तोंडातनं निघालं, कसं निघालं देवाला ठावं. मी म्हणलं, "नांगरलं की खालचं वर येतंय, वाळतंय. वाळल्यावर ते माती न्हाई, सरपण हाय. पाचट तर तुमी बी पेटवताच." एवढंच. बसले खाली.

माणसं हसली, पण दादासोला. ऊसवाले सगळंच हाईत ना, परतेकाला आपापल्या पाचटाचा जाळ आठवला असंल.

मग रंगूबाई उठली. सुपात देवभात घिऊन आली हुती, चार पायल्या निघालाय यंदा. म्हणली, "दादासो, ह्येला नांगर लागला की ह्यो देवाचा न्हाई."

दादासो म्हणाला, "आई, ट्रॅक्टरला बैल नसतोय."

"मग ते देवाला सांग. मला नको सांगू."

बायकांनी आधी हात वर केलं. सगळ्यांनी. बापय मागनं, इकडं तिकडं बघत. ठराव झाला, तीन वर्सं रान फोडायचं न्हाई, जनावर घालायचं न्हाई. मग परत बघायचं. कायमचं झाल्यालं न्हाई दादा, पण तीन वर्सांत लाल रान बी काळं पडाय लागंल, ते मी आता सांगू शकते. चाचीनं यंदा पाणकणीस कापायचं न्हाई म्हणून स्वतःच सांगितलं. म्हणली, गड्ड्याला पोट भरू दे. तवर ती सुताच्या चटया इणतेय आन् तुला शिव्या देतेय.

शेवटाला दादासो म्हणाला, "तीन वर्सं राखणार कोण?" बापय उठाय लागले. मी म्हणलं, "मी." ह्या टायमाला तोंडातनं लगीच निघालं.

काल सकाळी मी बांधावर हुते. धुकं हुतं. समोरनं एक म्हस आली, दाव्याला धरून दादासो सोता. गडी आला नव्हता म्हणं. म्हस थेट रानात घालाय लागला. मी आडवी झाले.

"म्हस कुणाची हाय, ठावं हाय न्हवं?"

"हाय की. तुमची."

"मग?"

"मग तुमालाच सांगतेय. मागं घ्या."

तो माझ्याकडं बघत उभा ऱ्हायला. म्हस बी. मग त्यानं दावं वढलं, म्हस फिरवली, आन् दहा पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाला, "मानसिंगला लिही. म्हणावं, तुझ्या बहिणीनं सरपंचाला माघारी लावला."

म्हणून लिहिलं.

बनु